नांदूर मध्यमेश्वरचा गाळ: उपसावा किती, राखावा किती?

उन्हाळ्यात गोदावरीचे पात्र उघडे पडू लागले की निफाड तालुक्यात एक मागणी पुन्हा वर येते: नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातला गाळ काढा. पावसाळ्यात सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले की तीच मागणी चढ्या आवाजात होते. थंडीत चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बिणी लागल्या की दुसरी बाजू बजावते, गाळाला हात लावाल तर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, गमावून बसाल. गाळ एकच आहे. कालव्याच्या लाभधारकाला तो चोरलेले पाणी वाटतो, पूरग्रस्ताला घरात शिरणारे संकट वाटतो आणि पक्षिमित्राला जिवंत पाणथळीचा पाया वाटतो. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा प्रश्न घोषणांनी सुटत नाही. बंधारा कशासाठी बांधला, त्याचे काम कुठे संपले आणि आज तो काय करतो आहे, हे आधी पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत दख्खनवर तीन मोठे दुष्काळ कोसळले. १८७६-७८ चा, १८९६-९७ चा आणि त्यातून माणसे सावरायच्या आत १८९९-१९०० चा. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर पाऊस धो धो पडत होता आणि तिथून थोड्याच अंतरावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, येवला-कोपरगावची जमीन करपत होती. सर कॉलिन स्कॉट-माँक्रिफ यांच्या अध्यक्षतेखालील पाटबंधारे आयोगाने १९०१ ते १९०३ या काळात देशभर पाहणी करून शिफारस केली की अशा भागांत पाटबंधाऱ्यांकडे महसुलाच्या नजरेने पाहू नये. कालव्यातून थेट नफा आला नाही तरी दुष्काळी कामांवरचा खर्च वाचतो आणि माणसे वाचतात, हा त्यामागचा हिशेब होता. गोदावरी कालव्यांची योजना या विचारातून उभी राहिली. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे दगडी बंधाऱ्याचे काम १९०७ मध्ये सुरू झाले. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांनी डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले. वर इगतपुरी तालुक्यात दारणा धरण १९१६ मध्ये पुरे झाले. त्याच्या जलाशयाला ‘लेक बील’ असे साहेबी नाव मिळाले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढच्या सगळ्या वादाची मेख तिच्यात आहे. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा मुळात मोठा साठा करण्यासाठी बांधलेला नाही. पाणी साठवायचे दारणेत, ते सोडायचे नदीत आणि बंधाऱ्याने नदीची पातळी उचलून ते कालव्यांच्या तोंडात वळवायचे, अशी ही रचना आहे. नदी हाच वरचा कालवा आणि बंधारा ही तिची वळणवाट. पुढे नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण झाले, तेही याच साखळीत आले. बंधाऱ्यामागे जो साठा होतो तो पाळी सुरळीत चालवण्यापुरता. वरून सोडलेले पाणी थोडे मागेपुढे झाले तरी कालव्याच्या तोंडाशी पातळी टिकावी, एवढेच त्याचे काम.

दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवायला काढलेल्या या कालव्यांनी वेगळाच इतिहास घडवला. बऱ्या पावसाच्या वर्षी कोरडवाहू शेतकरी पाटाचे पाणी घेईना आणि पाणीपट्टी बुडू लागली. पाण्याला बारमाही गिऱ्हाईक मिळाले ते उसाचे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या नावाशी जोडली गेलेली ‘ब्लॉक’ पद्धत इथेही आली. एका गटातल्या काही भागात ऊस, बाकीच्या भागात इतर पिके आणि ठरलेल्या मुदतीचे पाणी, अशी तिची मांडणी होती. सासवडचे माळी बागायतदार नव्या पाटपाण्याच्या शोधात या भागात उतरले आणि गुळाची गुऱ्हाळे पेटली. १९३९ मध्ये करमशीभाई सोमैया यांच्या गोदावरी शुगर मिल्सने साकरवाडीला आपला कारखाना सुरू केला. त्यामागोमाग सहकारी कारखाने आले. कालव्यांनी कोपरगाव-राहाता भागाला वैभव दिले, आणि त्याच कालव्यांनी निचरा नसलेल्या काळ्या जमिनी पाणथळ आणि चोपण करून ठेवल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संरक्षणासाठी आणलेल्या पाण्याचा ओघ कुठे गेला, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत या खोऱ्याचा पिच्छा सोडत नाही.

बंधारा आडवा येताच नदीचा वेग मंदावला आणि नदीने वाहून आणलेली माती खाली बसू लागली. दिंडोरी-निफाडची काळी, चिकण माती पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातून कादवेने आणि गोदावरीने आणली. वर्षामागून वर्षे थर चढत गेले. त्यातून बेटे झाली, बेटांवर गवत आणि लव्हाळे आले, बाभळी उभ्या राहिल्या. पाणी उतरले की उघड्या पडलेल्या गाळात काठचे लोक गाळपेर करू लागले. बंधाऱ्याची साठवणक्षमता घटत गेली. आज जलसंपदा विभागाच्या दैनंदिन पाणीसाठ्याच्या तक्त्यांत गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट आणि दारणेची ७,१४९ दशलक्ष घनफूट अशी मांडलेली असते. त्याच तक्त्यात नांदूर मध्यमेश्वरसमोर केवळ २५७ हा आकडा असतो.

साठा म्हणून जे बुडाले, ते पाणथळ म्हणून तरले. उथळ पाणी, चिखलाचे किनारे, पाणवनस्पती आणि भोवती पिकाची शेते, हे सगळे स्थलांतरित पक्ष्यांच्या पथ्यावर पडले. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक यांचे थवे उतरतात. जांभळ्या पाणकोंबड्या, चमचे, उघड्या चोचीचे करकोचे इथे दिसतात. क्रौंच आणि रोहितही दिसतात. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगितले जाते. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर असून त्यात पाण्याबरोबर गावे आणि पिकाऊ शेतीही आली. जानेवारी २०२० मध्ये देशातल्या दहा नव्या रामसर स्थळांची घोषणा झाली, तेव्हा त्यातल्या १,४३७ हेक्टरांना महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. रामसरच्या नोंदीत ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे. अत्यंत संकटग्रस्त अशा पांढऱ्या पाठीच्या गिधाडाबरोबर देवळालीचे नाव लावणारा एक चिमुकला मासाही त्या नोंदीत आहे. टंचाईवर उपाय म्हणून बांधलेला बंधाराच इथल्या पाणथळीला कारण झाला, असे ती नोंद मोकळेपणाने सांगते.

ज्या कामासाठी बांधले ते काम सरल्यावर बांधकामाचे काय करायचे, हा प्रश्न गोदावरीला नवा नाही. याच नदीवर, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, एकोणिसाव्या शतकात एक फार महत्त्वाकांक्षी खेळ मांडला गेला होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून बोटींनी थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा, हे सर आर्थर कॉटन यांचे स्वप्न होते. धवळेश्वरमच्या बंधाऱ्याने गोदावरीच्या मुखाशी त्यांनी नाव कमावले होते. वरच्या नदीत दुम्मगुडेमपासून प्राणहितेपर्यंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते ओलांडायला बंधारे, बगलेचे कालवे आणि बोटी वरखाली करण्यासाठी दुहेरी दरवाजांचे हौद, म्हणजे लॉक, बांधण्याचे काम निघाले. सिरोंचा हे त्या भागाचे ठाणे बनले. ताप, मजुरांची वानवा आणि नदीचे लहरी पाणी यांनी काम रेंगाळले. तोवर १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली आणि अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भावही उतरला. १८७१ मध्ये सरकारने हे काम सोडून दिले. जंगलात अर्धवट भिंती आणि दगडी हौद राहिले. ज्यांनी तो खर्च केला त्यांना हिशेब मागणारे कोणी नव्हते, आणि पात्राला त्याचा जाच किती झाला हेही कोणी मोजले नाही.

नांदूर मध्यमेश्वर त्या अर्थाने बेवारस नाही. कालवे वाहतात, आवर्तने सुटतात, कोपरगाव-राहाता-शिर्डीची साठवण तळी त्यावर भरतात. नांदूर मध्यमेश्वर जलदगती कालवा वैजापूर-गंगापूरकडे पाणी नेतो. नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी गेले याचा हिशेब याच बंधाऱ्यावरच्या विसर्गाने मांडला जातो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर समन्यायी वाटपाची जी भांडणे न्यायालयापर्यंत गेली, त्यांत या बंधाऱ्याचे आकडे रोज वाचले गेले. पण बंधाऱ्यामागचे क्षेत्र मात्र दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडले आहे. जलसंपदा विभागाच्या लेखी तो गाळाने भरलेला साठा, वन विभागाच्या लेखी ते अभयारण्य. सिरोंचाची चूक टाळायची तर आजच ठरवायला हवे की हे क्षेत्र नक्की कशासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर राखायचे.

गाळ काढा म्हणणाऱ्यांची बाजू आधी पाहू. लाभधारक शेतकऱ्याचा पहिला मुद्दा पाळीचा आहे. वरून पाणी सोडल्यावर ते नदीतून यायला वेळ लागतो, वाटेत उपसा होतो, पात्र मुरवून घेते. बंधाऱ्यामागे थोडा अधिक साठा असेल तर पाळी मोडत नाही आणि टेलच्या शेतकऱ्याला ‘पाणी येतंय’ ऐकत बसावे लागत नाही. नमुना सातचा अर्ज भरून, पट्टी मोजून पिकाला पाणी वेळेवर मिळाले नाही तर कालव्याचा उपयोग काय, हा त्याचा सवाल रास्त आहे. शतकभर जुन्या कालव्यांची गळती आणि वरच्या धरणांवर वाढलेला शहराचा आणि उद्योगांचा हक्क यांनी त्याचे पाणी आधीच आटले आहे. त्यात गाळाचा वाटा तरी कमी करा, असे तो म्हणतो.

दुसरा मुद्दा पुराचा. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर सायखेडा-चांदोरीच्या लोकांच्या तोंडी अजून आहेत. दारणासांगवीला दारणा मिळते, नाशिकहून गोदावरी फुगून येते आणि खाली बंधाऱ्याचा फुगवटा पाणी पुढे सरकू देत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. पाणी उतरले की चांदोरीजवळच्या पात्रातली जुनी मंदिरे उघडी पडतात, म्हणजे फुगवटा कुठवर येतो हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गाळाने तळ उचलला की तेवढ्याच पुराला पाण्याची पातळी अधिक चढते, हे पाण्याचे साधे गणित आहे. वर पुलाच्या कमानींत पाणवेलींचे लोंढे अडकले की अवस्था आणखी बिकट होते.

तिसरा मुद्दा गाळाचाच. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने गावोगावचे तलाव उपसून माती शेतात नेली. मुरमाड, उतरत्या रानाला हा गाळ सोन्यासारखा लागतो. आमच्याच शेतातून वाहून गेलेली माती आम्हालाच परत मिळाली तर कोणाचे बिघडले, हा प्रश्नही चुकीचा नाही.

आता या बाजूचे आकडे तपासू. एक दशलक्ष घनफूट म्हणजे २८,३०० घनमीटरांहून थोडे अधिक. मोठ्या हायवात एका खेपेला सुमारे १४ घनमीटर माती मावते असे धरले, तर एक दशलक्ष घनफूट जागा मोकळी करायला दोन हजारांवर खेपा लागतील. शंभर दशलक्ष घनफूट मिळवायचे तर दोन लाख खेपा. एवढ्या गाड्या अभयारण्याच्या काठावरून, गावांच्या अरुंद रस्त्यांवरून जाणार. आणि हाती काय लागणार? गंगापूर आणि दारणा या दोनच धरणांच्या मिळून १२,७७९ दशलक्ष घनफूट क्षमतेच्या एक टक्क्याहून कमी. तेवढे पाणी गळक्या कालव्यांच्या अस्तरीकरणातून, चाऱ्यांच्या दुरुस्तीतून आणि काटेकोर मोजणीतून मिळवणे कितीतरी स्वस्त पडेल. साठ्यासाठी सरसकट गाळ काढण्याचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

पुराचेही तसेच आहे, पण थोड्या फरकाने. पुरात नदी एक लाख क्युसेकने वाहत असेल तर शंभर दशलक्ष घनफुटांची मोकळी केलेली जागा सतरा मिनिटांत भरते. बंधाऱ्याची आजची सगळी क्षमता रिकामी ठेवली तरी ती पाऊण तासही पुरणार नाही. मोठ्या पुरांत विसर्ग लाखाच्या वर जातो आणि ओघ तासन्‌तास, कधी दिवसभर चालतो. म्हणजे खोल खड्डा खणून पूर पोटात घेण्याची कल्पना टिकत नाही. पूर उतरवायचा तर पाण्याला पुढे जायला वाट हवी: मुख्य धारेचे मोकळे पात्र, बंधाऱ्यावरून किंवा दरवाजांतून सुटणारा पुरेसा विसर्ग आणि काठावर अतिक्रमण नसलेली पूररेषा. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत गाळाचा संबंध जरूर येतो. त्यामुळे पूरग्रस्तांची मागणी फेटाळण्याजोगी नाही, पण ‘सगळा गाळ काढा’ इतकी ती ढोबळही असू नये. कुठला गाळ, किती लांबीत, किती खोल काढला तर सायखेड्याच्या पुलाशी पातळी किती उतरते, हा प्रश्न विचारायला हवा.

आता दुसरी बाजू. पाणथळ राखा म्हणणाऱ्यांच्या हाती कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २९ नुसार अभयारण्यातला अधिवास बिघडवणे किंवा आत येणारे-बाहेर जाणारे पाणी वळवणे, अडवणे, वाढवणे यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते आणि ते काम वन्यजीवांच्या हिताचे असल्याची शासनाची खात्री पटावी लागते. २०१७ च्या पाणथळ नियमांत एक गंमत आहे. पाणथळीच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत, पण रामसर यादीतल्या स्थळांना ते नियम लागू आहेत. त्यामुळे नांदूर मध्यमेश्वर बांधणीने सिंचनाचा बंधारा आणि दर्जाने आंतरराष्ट्रीय पाणथळ, असा दुहेरी नातेवाईक झाला आहे. त्याच्याशी वागताना दोन्ही नाती सांभाळावी लागतात.

कायद्यापलीकडे निसर्गाचाही मुद्दा आहे. पाण्यात चालून खाणारे पक्षी आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी ढोपरभर पाण्यावर जगतात. पात्र एकसारखे खोल केले तर बुडी मारणारी काही बदके राहतील, बाकीचा मेळा पांगेल. काठच्या गावांतल्या तरुणांनी गाईड म्हणून रोजगार उभा केला आहे. हिवाळ्यातली पक्षीगणना आणि पर्यटक यांच्यामुळे गावांना या पाण्याची वेगळी किंमत कळू लागली आहे. ही मिळकत ऊस-द्राक्षांच्या मानाने लहान असेल, पण ती ज्यांच्या घरी जाते त्यांच्यातल्या अनेकांकडे ऊस-द्राक्षे नाहीत.

तरीही ‘हात लावू नका’ हे उत्तर पुरेसे नाही, आणि याचा धडा ज्याच्या नावाची उपमा आपण मिरवतो त्या भरतपूरनेच दिला आहे. केवलादेवची पाणथळही माणसाने बांध घालून तयार केलेली. १९८२ मध्ये तिथे गुरांच्या चराईवर बंदी आली. पक्ष्यांचे भले होईल अशी अपेक्षा होती. म्हशी गेल्या आणि पाण्यात गवत माजले, मोकळे पाणी आक्रसले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की चराई पाणथळ मोकळी राखत होती. पुढे पाण्याची चणचण आणि तणाचा प्रादुर्भाव यांमुळे १९९० मध्ये केवलादेवचे नाव धोक्यातल्या रामसर स्थळांच्या यादीत गेले. माणसाने घडवलेली पाणथळ एकटी सोडली तर ती आहे तशी राहत नाही. नांदूर मध्यमेश्वरलाही गाळ साठतच राहिला तर आजचे उथळ पाणी उद्या चिखल होईल, परवा गवताळ रान आणि पुढे शेत. ज्या गाळाने पाणथळ दिली, तोच तिला गिळेल. पाणथळीच्या रक्षणासाठीही काही ठिकाणी गाळ काढावा लागणार आहे, हे पक्षिमित्रांनी मान्य करायला हवे.

दोन्ही बाजू ज्या मुद्द्यावर गप्प राहतात तो नाशिक शहराचा आहे. तपोवनाखाली शहराचे सांडपाणी घेऊन निघालेली गोदावरी अखेर इथेच येऊन थबकते. त्या पाण्यातले नत्र-स्फुरद पाणवेलींना खत म्हणून पोसते. पाणवेली पुलांत अडकतात, पाणी झाकतात, सडल्यावर तळाला जाऊन गाळात भर घालतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी मलजल प्रक्रियेवर मोठा खर्च होऊ घातला आहे. त्याचे यश रामकुंडावरच्या पाण्यावर मोजले जाईल हे उघड आहे. पण रामकुंडाखालचे पाणी हीच खरी परीक्षा आहे, कारण पर्वणी संपल्यावरही निफाडच्या गावांना तेच प्यायचे, शिंपायचे आणि पक्ष्यांना त्यातच जगायचे आहे. शहराखाली साचलेला गाळ शेतात नेण्यापूर्वी त्यात जड धातू किती आहेत, हेही तपासायला हवे. काळी माती दिसते म्हणून ती सुपीकच असेल असे धरून चालणार नाही.

निवाडा असा करावा लागतो. साठा वाढवण्यासाठी सरसकट गाळ काढू नये. खर्च, खेपा आणि अधिवासाची हानी यांच्या तुलनेत मिळणारे पाणी नगण्य आहे. त्याच वेळी अभयारण्याच्या नावाखाली सगळे आहे तसे सोडूनही देऊ नये. क्षेत्राचे तीन पट्टे आखावेत. बंधाऱ्यालगतचा, दरवाजांसमोरचा आणि कालव्यांच्या तोंडाचा पट्टा जलसंपदा विभागाने दरवर्षी मोकळा ठेवावा, कारण तिथला गाळ बंधाऱ्याच्या मूळ कामातच अडथळा आहे. मधल्या पट्ट्यात मुख्य धारेची पुराची वाट किती मोकळी करावी, हे अभ्यासाने ठरवावे. चापडगाव-मांजरगावच्या उथळ पट्ट्यात गाळ राखावा, पण गवत-पाणवेलींचे व्यवस्थापन आणि मोजकी डबकी खोदण्याचे काम वन विभागाने नेमाने करावे. चराई, गाळपेर आणि मासेमारी यांना या पट्ट्यात नियमांनी जागा द्यावी, बंदीने हाकलू नये. काम करायचे ते हिवाळी पाहुणे परतल्यानंतर आणि पाऊस लागण्यापूर्वी, म्हणजे एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत. आवर्तनांचे वेळापत्रक आखतानाही या खिडकीचा विचार व्हावा.

अभ्यासासाठी दूर जायची गरज नाही. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वांची ‘मेरी’, १९५९ पासून नाशिकमध्येच आहे आणि जलाशयांतल्या गाळाचे मोजमाप हा तिचा जुना विषय आहे. नांदूर मध्यमेश्वरचा गाळ, त्याचा फुगवट्यावरचा परिणाम आणि वाढीव दरवाजांचा उपयोग यांचा एकत्रित अहवाल तिने द्यावा आणि तो मराठीत, आकड्यांसह, गावांसमोर ठेवावा. पुराच्या मागणीवर त्यातल्या आकड्यांनी निर्णय व्हावा. पाणीपातळी कधी किती ठेवायची याचे वार्षिक वेळापत्रक जलसंपदा आणि वन या दोन्ही विभागांनी मिळून जाहीर करावे. पाणी अचानक उतरवले तर घरटी उघडी पडतात आणि अचानक फुगवले तर बुडतात. पिकाची पाळी आणि पक्ष्यांची वीण एकाच पातळीवर अवलंबून असताना ती दोन कार्यालयांत दोनदा ठरवण्याला अर्थ नाही.

हा तोडगा कोणालाच पुरता खूश करणार नाही. लाभधारकाला हवा तेवढा साठा मिळणार नाही, पक्षिमित्राला जेसीबी दिसेल, पूरग्रस्ताला अहवालाची वाट पाहावी लागेल. पण गाळ दरसाल येतो आहे आणि निर्णय टाळणे हाही एक निर्णयच ठरतो, त्याची किंमत सायखेड्यापासून चापडगावपर्यंत सगळे मोजतात. सिंहस्थाच्या कामांत गोदावरीसाठी तिजोरी उघडली आहे, तेव्हाच नांदूर मध्यमेश्वरचा आराखडाही मंजूर करून घ्यावा. निफाडच्या लोकप्रतिनिधींनी आणि नाशिकच्या पालकमंत्र्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी एवढे केले, तरी पुष्कळ झाले.